चांद्याहून पाहिलेले रघूजी

(प्रस्तावना)

ऑगस्ट २०२५ मध्ये लंडनहून एक तलवार मुंबईत आली. महाराष्ट्र शासनाने ती एप्रिल महिन्यात सोदबीजच्या लिलावात विकत घेतली होती. सगळा मिळून खर्च सुमारे ४७ लाख रुपयांचा. पाते एकधारी, युरोपात घडवलेले. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत मालकाचे नाव आणि पद : राघोजी भोसले, सेनासाहेबसुभा. बातमी गाजली, स्वागत झाले, प्रदर्शनाला रांगा लागल्या. मग ज्याला त्याला प्रश्न पडला, की हे रघूजी नेमके कोण? नागपूरच्या महाल भागात हा प्रश्न कुणी विचारणार नाही. बंगालात विचारला तर उत्तर मिळेल, पण ते ऐकताना मराठी माणसाचा चेहरा उतरेल. आणि चांद्यात? तिथे उत्तरच लवकर सापडत नाही, आणि हे चरित्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, असे दोन्ही जिल्हे मिळून जुना मुलूख. १७५१ साली तो रघूजींच्या हाती आला आणि १८५४ पर्यंत भोसल्यांच्या राज्यात राहिला. शंभर वर्षे म्हणजे थोडी नव्हेत. तरी शहरात फिरताना भोसल्यांचे म्हणून दाखवावे असे ठळक काही नाही. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, त्यांच्यामधल्या पाच खिडक्या आणि शहराभोवतीचा परकोट गोंड राजांचा. वीरशहांची समाधी आणि महाकालीचे देऊळ ही राणी हिराईची आठवण, आणि रामाळा तलाव रामशहांची. विद्यापीठ झाले तेही गोंडवानाच्या नावाने. शंभर वर्षे राज्य करून गेलेल्या घराण्याची खूण इतकी पुसट का, हे कोडे आधी सोडवले पाहिजे. ते सोडवताना रघूजींच्या कर्तबगारीचा एक वेगळाच पदर हाती लागतो.

आधी त्यांचा जीवनपट थोडक्यात सांगतो. तपशील पुढच्या प्रकरणांत येतीलच. हिंगणीकर भोसल्यांचे हे घराणे, आणि रघूजींचा जन्म १६९५ च्या सुमाराचा, वाईजवळच्या पांडववाडीचा. वऱ्हाडात चुलते कान्होजी भोसले आजच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भांब येथे ठाणे देऊन होते. त्यांना मूलबाळ नव्हते, तेव्हा त्यांनी पुतण्याला जवळ केले. पुढे त्यांना रायाजी झाले आणि पुतण्याचे स्थान डळमळले. रघूजी बाहेर पडले, देवगडच्या गोंड राजाकडे, एलिचपूरच्या नवाबाकडे राहून आले आणि अखेर साताऱ्याला शाहू महाराजांच्या मर्जीत शिरले. शिर्क्यांच्या घरात लग्न झाल्यामुळे महाराजांशी सोयरीकही जुळली. कान्होजी महाराजांना जुमानत नव्हते. त्यांना आवरायचे काम रघूजींकडे आले आणि १७३१ च्या सुमारास वणीजवळ मंदरच्या लढाईत त्यांनी चुलत्याला पकडले. सेनासाहेबसुभा हे पद कान्होजींचे रघूजींना मिळाले. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चांद्याचा मुलूख लागतो. म्हणजे ज्या राज्याचा घास त्यांनी वीस वर्षांनी घेतला, त्याच्या उंबऱ्यावरच त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात झाली, आणि तीही घरातल्या भांडणातून. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

पुढची वीस वर्षे धावपळीची. १७४० मध्ये कर्नाटकात दमलचेरीच्या घाटात नवाब दोस्तअली मारला गेला. १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन त्याचा जावई चंदासाहेब कैद झाला. त्यानंतर बंगाल. भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन १७४२ मध्ये तिकडे उतरले. कलकत्त्याच्या इंग्रजांनी इतकी धास्ती घेतली की शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला मराठा खंदक हेच नाव पडले. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने भास्कररामांना बोलणीसाठी मनकरा येथे बोलावले आणि सरदारांसह दग्याने मारले. रघूजी तो घाव विसरले नाहीत. स्वाऱ्या चालूच राहिल्या आणि १७५१ च्या तहात अलिवर्दीने ओडिशाचा वसूल सोडला, शिवाय बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख कबूल केले. या स्वाऱ्यांनी बंगालच्या खेड्यांत जे केले त्याची आठवण तिथल्या अंगाईगीतात आणि गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त शिल्लक आहे. ती वाचून अंग चोरायचे कारण नाही, पण ती झाकूनही ठेवू नये. या पुस्तकात ती झाकलेली नाही.

बारा लाखांचा तह आणि चांद्याचे राज्य या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. इतिहासकार पहिलीवर पाने खर्च करतात आणि दुसरी एका वाक्यात उरकतात. मला दुसरी जास्त बोलकी वाटते.

त्यासाठी देवगड आणि चांदा ही दोन गोंड राज्ये शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. देवगडच्या बख्तबुलंद राजाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि गादीसाठी तंटा लागला. राणी रतनकुंवरने मदतीला रघूजींना बोलावले. त्यांनी तिच्या मुलांचा हक्क राखून दिला, मोबदला घेतला आणि परत गेले. पुढे त्या भावाभावांतच फाटले तेव्हा पुन्हा आले, आणि या वेळी राहिले. पण त्या भावांपैकी राजा बुऱ्हाणशहाला त्यांनी गादीवरून उठवले नाही. त्याला नागपुरात आणून मानाने ठेवले, नेमणूक लावून दिली. भोसल्यांना राजतिलक लावण्याचा मान गोंड राजाकडेच राहिला, कागदावर त्याचा शिक्काही राहिला. सत्ता भोसल्यांची आणि सिंहासन गोंडांचे, अशी ही रचना.

चांद्यात तसे झाले नाही. तिथे आधी रामशहा राज्य करीत होते, शांत आणि धर्मशील राजा म्हणून लोकांत नाव. आख्यायिका अशी, की काहीतरी निमित्त काढून चांदा घ्यावे म्हणून रघूजी भेटीला आले, पण रामशहांचे वागणे पाहून त्यांचा हात उचलेना आणि ते नमस्कार करून परतले. आख्यायिका खरी की खोटी हे बाजूला ठेवू. पण शहराला ती जपून ठेवावीशी वाटली, यात शहराचा स्वभाव दिसतो. १७३५ मध्ये रामशहा गेले आणि नीळकंठशहा गादीवर आले. यांच्याबद्दल सगळे वृत्तांत एकसुरात बोलतात : क्रूर होते, वडिलांच्या वेळच्या दिवाणाला मारले, रयतेला नागवले, दरबारातली माणसे तोडली. मग रघूजींची फौज १७४९ मध्ये आली तेव्हा राजाच्या बाजूने लढायला फारसे कुणी उभे राहिले नाही. तहात राज्याच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश हिस्सा भोसल्यांना गेला. दोन वर्षांनी नीळकंठशहांनी तह मोडून उठाव केला. रघूजींनी राज्य खालसा केले आणि राजाला बल्लारपूरच्या किल्ल्यात अडकवले. मरण तिथेच आले. वर्धेकाठचा तो किल्ला आजही उभा आहे. कागद गिरणीमुळे बल्लारपूर सगळ्यांना माहीत आहे, पण त्या किल्ल्यात चांद्याचा शेवटचा स्वतंत्र राजा कैदेत मेला हे फार थोड्यांना ठाऊक असते.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. नीळकंठशहा दुष्ट होते हे आपल्याला सांगते कोण? चांद्याच्या गोंड राजांची सलग हकीकत पहिल्यांदा लिहिली गेली ती मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालात, म्हणजे राजा जाऊन शतक उलटल्यावर. नागपूरकर भोसल्यांची बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली ती रेसिडेंट जेंकिन्सच्या सांगण्यावरून, भोसल्यांची तलवार म्यान झाल्यावर. पहिल्या वृत्तांताला भोसले उपरे ठरवायचे होते आणि त्याआधीचा राजाही नालायक ठरवायचा होता. दुसऱ्याला साहेबाचे समाधान करायचे होते. हरलेल्या राजाची बाजू मांडणारा कागद या दोन्हींत नाही. पुढे यादव माधव काळे यांनी नागपूर आणि वऱ्हाडचा इतिहास कष्टाने उभा केला आणि अ. ज. राजूरकरांनी चंद्रपूरचा. त्यांच्यावाचून हे पुस्तक लिहिताच आले नसते. तरी नीळकंठशहांवरचे आरोप वाचताना ते कुणाच्या दप्तरातून आले हे मी प्रत्येक वेळी सांगितले आहे. दरबार फुटला होता एवढे मात्र सगळ्या बाजूंनी पक्के दिसते, आणि रघूजींना तेवढेच पुरेसे होते.

रघूजींचे खरे कौशल्य माझ्या मते इथे आहे. तलवारीचे बळ त्यांच्याकडे होतेच, पण मुलूख त्यांनी मिळवला तो दुसऱ्याच्या घरातली फूट हेरून. भांबला चुलत्या-पुतण्याचे बिनसले होते, देवगडला भावाभावांचे, चांद्यात राजाचे आणि त्याच्या माणसांचे. तिन्ही ठिकाणी ते नेमक्या वेळी पोहोचले. देवगडला आश्रयदाते म्हणून गेले होते, म्हणून तिथला राजा मानाने राहिला. चांद्याला येईपर्यंत त्यांना कुणाच्या आडोशाची गरज उरली नव्हती, म्हणून इथला राजा तुरुंगात गेला. बारा वर्षांत माणूस किती मोठा झाला आणि किती बदलला, हे या दोन राजांच्या नशिबावरून मोजता येते.

पण मोठ्या झालेल्या या सत्तेचा पल्ला किती होता? चांदा शहर, वर्धा-वैनगंगेच्या काठची काळी जमीन, झाडीतली धानाची गावे, तिथवर भोसल्यांचा कमाविसदार पोहोचत होता. वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेले की चित्र पालटते. तिथे अहेरी होती, वैरागडच्या आसपासच्या लहानमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. त्यांचे गोंड आणि इतर जमीनदार चांद्याच्या राजांच्या काळापासून आपापला मुलूख राखून होते. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे, चांद्याच्या राजाकडे हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचेही तोच लिहितो, आणि राजा दिल्लीला खंडणी देत नाही हेही. ते पायदळ यायचे कुठून? याच रानातून. रघूजींचे सैन्य घोड्यावरचे. ज्या घोड्यांनी कटकपर्यंत मजल मारली, त्यांना एटापल्ली-भामरागडच्या डोंगरांत जाण्याचे काही कारणही नव्हते आणि सोयही नव्हती. जमीनदाराने वर्षाला ठरीव टाकोली भरायची, वाटसरूंचे रक्षण करायचे, बाकी आपला कारभार आपण पाहायचा, एवढ्यावर भोसल्यांनी समाधान मानले. राज्य खालसा झाले खरे, रान मात्र खालसा झाले नाही.

शंभर वर्षांची खूण पुसट का, याचे अर्धे उत्तर इथे मिळते. गडचिरोलीच्या गावांना भोसल्यांचे राज्य जाणवले ते जमीनदाराच्या आडून. इंग्रजांनी पुढे जंगलाला हद्दी घातल्या, राखीव वने काढली, तेव्हा कुठे सरकार नावाची वस्तू माडियांच्या पाड्यापर्यंत गेली. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्या वेळी भोसल्यांचे राज्य बुडून चारच वर्षे झाली होती. शेडमाक्यांचे नाव आज गडचिरोलीत घरोघरी आहे, रघूजींचे नाही. याला लोकांचा विसरभोळेपणा म्हणू नये. जो रानात येऊन लढला त्याला रानाने लक्षात ठेवले.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग भोसल्यांच्या घरात आहे. १४ फेब्रुवारी १७५५ रोजी रघूजी नागपुरात वारले. मागे चार मुलगे : जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी. जानोजी आणि मुधोजी वेगळ्या आयांचे, दोघांनाही गादी हवी. पुण्याच्या मध्यस्थीने जानोजी सेनासाहेबसुभा झाले आणि मुधोजींना सेनाधुरंधर हे पद व चांद्याचा मुलूख मिळाला. साबाजींना दारव्हा, बिंबाजींना छत्तीसगड. तेव्हापासून चांदा हा नागपूरच्या घराण्यात धाकट्या पातीचा सुभा होऊन बसला. नाराज भावाला द्यायचा मुलूख, आणि भावाने नाराजी जोपासायची जागा. ज्याच्या मनात नागपूर आहे तो चांद्यात तळे कशाला बांधील आणि देऊळ कशाला उठवील?

पुढचा इतिहास याच धाग्याने विणला गेला. १७६९ मध्ये माधवराव पेशव्यांनी जानोजींवर चाल केली तेव्हा वेढा पडला चांद्याला; जानोजी मात्र समोर न येता पुण्याच्या रोखाने सुटले आणि पेशव्यांना वेढा उठवावा लागला. कनकापूरच्या तहाने ते प्रकरण मिटले. जानोजींमागे गादीसाठी भाऊ भिडले आणि जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या रणात मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. मुधोजींचे पुत्र दुसरे रघूजी गादीवर आले, तेव्हा चांदा त्यांच्या धाकट्या भावाकडे, व्यंकोजी ऊर्फ मन्याबापूंकडे गेले. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि वर्धेपलीकडचे वऱ्हाड गेले. उत्पन्न घटले, दरबाराचा खर्च तोच. उरलेल्या मुलखाची पिळवणूक सुरू झाली आणि त्यात पेंढाऱ्यांची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांत चांदा शहरातली निम्म्याहून अधिक घरे ओस पडली.

व्यंकोजींचे पुत्र ते आप्पासाहेब, दुसरे मुधोजी. १८१६ मध्ये दुसरे रघूजी गेले. त्यांचे पुत्र परसोजी दुबळ्या प्रकृतीचे. कारभार आपल्या हाती यावा म्हणून आप्पासाहेबांनी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजींचा खून झाला, तेव्हा आप्पासाहेब कुठे होते? चांद्यात. वर्षअखेर त्याच इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब हरले. एप्रिल १८१८ मध्ये चांद्याकडे निघालेल्या दुसऱ्या बाजीरावांना कर्नल ॲडम्सने वाटेत शिवणीजवळ उधळले आणि मे महिन्यात तोफा चांद्याच्या परकोटाला लावल्या. किल्लेदार गंगासिंग लढला. २० मे रोजी तटाला पडलेल्या भगदाडातून इंग्रज आत शिरले. आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. ज्या गोंडांचे राज्य आजोबांच्या बापाने घेतले, त्यांच्याच रानात पणतूला आसरा मिळाला.

दुसऱ्याच्या घरातली फूट ओळखणारे पहिले रघूजी आपल्या घरातली फूट मिटवून गेले नाहीत. ज्या वाटेने रघूजी देवगडात आणि चांद्यात शिरले, त्याच वाटेने इंग्रज नागपुरात शिरले. वारसाचा तंटा, मदतीची याचना, फौज, मग तह आणि शेवटी खालसा. क्रमसुद्धा बदललेला नाही.

एवढे वाचून कुणाला वाटेल की हे पुस्तक रघूजींना लहान करायला लिहिले आहे. तसे नाही. वडिलोपार्जित काही नसताना, चुलत्याच्या घरातून बाहेर पडलेल्या माणसाने वर्धेपासून महानदीच्या मुखापर्यंत सत्ता नेली. पेशव्यांशी त्यांचे जमले नाही. पहिल्या बाजीरावांनंतर पेशवेपद बाबूजी नाईकांना मिळावे म्हणून ते झटले, १७४३ मध्ये बंगालच्या वाटेवर नानासाहेब पेशव्यांशी समोरासमोर आले. पण शाहू महाराजांनी हद्दी ठरवून दिल्या तेव्हा त्या मान्य करण्याचा सुज्ञपणा त्यांच्याकडे होता. पूर्वेकडची मराठी सत्ता ही एका माणसाची कमाई आहे, आणि ती कशी झाली हे पुढची प्रकरणे सांगतील. माझे म्हणणे एवढेच, की राजाचे चरित्र राजधानीतून लिहिले की ते पोवाड्याकडे झुकते. सरहद्दीवरून लिहिले तर त्याची पोच दिसते आणि मर्यादाही दिसते. चांदा ही रघूजींची सरहद्द होती. म्हणून या ग्रंथात नागपूरच्या वाड्यापेक्षा वैनगंगेच्या दोन्ही काठांना जास्त पाने मिळाली आहेत.

चंद्रपुरात अलीकडे परकोटाबद्दल जाग आली आहे. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी बुरुजांवरची झाडेझुडपे आणि वर्षानुवर्षांचा कचरा हातांनी उपसून तट मोकळा केला. आता त्यावरून चालता येते. जटपुरा दरवाजावरचा हत्तीला नमवणारा सिंह जवळून पाहावा. हे गोंड राजांचे चिन्ह. भोसल्यांनी ते शंभर वर्षांत काढले नाही आणि त्याच्या जागी आपलेही काही बसवले नाही. काढण्याची गरज वाटली नाही की हिंमत झाली नाही, हे ठरवायला आज कागद हवेत.

ते कागद आहेत. जुन्या जमीनदारांच्या आणि मालगुजारांच्या घरांत मोडीतल्या सनदा, टाकोलीच्या पावत्या, वाटण्यांची यादीपत्रे पेट्यांत पडून आहेत. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या तेव्हा त्यांची गरज संपली असे समजून बरेचसे रद्दीत गेले, उरलेले वाळवी खाते आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना माझी विनंती आहे, की घरात असा कागद असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवावा, मोडी वाचणाऱ्याला दाखवावा आणि गोंडवाना विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवावा. नीळकंठशहांची बाजू, जमीनदारांची बाजू, टाकोली भरणाऱ्या गावांची बाजू आली, तर या पुस्तकातली काही विधाने खोडावी लागतील. तशी दुसरी आवृत्ती काढायला मला आवडेल.

चंद्रपूर